हिरी

पहाटेचं पहिलं काम राखेचं.
सहकारी शेतीच्या काळातलं लोकरीचं गोदाम,
तिथंच आता आमची मंडळी भरते.
भिंतींना अजून ओल्या मेंढरांचा वास येतो,
पाऊस नसला तरी.
मी लोखंडी शेगडीचं दार उघडते, गुडघे टेकते
(दिवसभरात सर्वांत मनापासून टेकते ते हेच)
आणि कालची राख डब्यात भरते.

मग पाणी.
झऱ्याचा पाइप गोठला की न्दॉकच्या खेचरावर दोन कॅन.
तो पैसे घेत नाही, उपासनेलाही येत नाही.
म्हणतो, हिशेब बरोबर.

मंगळवारी खालची आळी, रक्तदाब तपासायला.
हायरिये एक दंड पुढे करते,
दुसऱ्या हातानं उतू जाऊ पाहणारी कॉफी सांभाळते.
भिंतीवर काबा, आणि काब्याशेजारी मुलगा,
ग्रीसमधल्या कुठल्याशा संत्र्याच्या बागेत, शिडीवर.
वरचा एकशे सत्तर, मी म्हणते, मीठ कमी कर.
मिठानं नाही गं, ती म्हणते,
रविवारी त्याचा फोन आला नाही.
मी वहीत एकशे सत्तर लिहिते.
फोनसाठी रकाना नाही.

दुपारी पोरं. वाचन, गुणाकार, एक गोष्ट.
हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली तेव्हा
क्लेयदीनं विचारलं, नव्याण्णव कुणाच्या भरवशावर सोडली?
इथं लांडगे आहेत.
मी म्हणाले, उद्या सांगते.
याला आता दोन वर्षं झाली.

पहिल्या हिवाळ्यात, उसन्या कोटात, उसन्या व्याकरणात
मी उभी राहून बोलले होते:
हिरी सर्वांसाठी आहे. फुकट आहे.
जो मागेल त्याला मिळेल.
दुसऱ्या दिवशी सकाळी दारात म्रिका,
हातात बादली.

क्लेयदीची आई हसून हसून भिंतीला टेकली, मग समजावलं.
या भाषेत कृपा म्हणजे हिर आणि राख म्हणजे हि,
पण अमुक ती कृपा, अमुक ती राख म्हणायची झाली
की दोन्ही हिरीच.
म्रिकाला लसणाच्या वाफ्यासाठी हवी होती.
दिली. बोलले होते ना, मागेल त्याला.

तेव्हापासून दर शनिवारी बादली,
आणि रविवारी शेगडीजवळची खुर्ची.
मी बोलत असते, ती मोजे विणत असते,
टाके मोजताना ओठ हलतात,
आणि मला दर वेळी वाटतं, प्रार्थना.

गेल्या फेब्रुवारीत वीज तीन दिवस नव्हती.
अंधारात, विचारलं नसताना, ती म्हणाली:
देवाचं नाव घेतलं तर माणूस नेत असत त्या वर्षांत
मी रात्री निखारे झाकताना
चुलीतल्या राखेवर काडीनं क्रूस काढायचे.
पोरं बघायची. मग पुसून टाकायचे.
तेवीस वर्षं.
आणि सुया पुन्हा हलू लागल्या.

म्हणजे त्या सकाळी ती बादली घेऊन आली,
ती नेमकं काय मागायला आली होती,
हे मी तिला विचारलेलं नाही.

महिनाअखेर मुख्य कार्यालयाचा कागद येतो.
नवे विश्वासी: किती. बाप्तिस्मे: किती.
मी शून्य लिहिते, शून्याकडे बघत बसते,
मग मागच्या बाजूला लिहिते
की उतारावर बर्फ आहे, रोज राख टाकते,
या वर्षी अजून कुणी घसरलं नाही.
याचं उत्तर येत नाही.

आज शनिवार. म्रिका आली.
डब्यात हात घातला, चिमूट चोळून पाहिली,
मोठी पारखी असल्यासारखी.
ओली आहे, म्हणाली.
छप्पर गळतंय तुझं. ही काय उपयोगाची?
उद्या कोरडी ठेव.