लांबी

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
पावणेसातला आम्ही कर्वे रस्त्यावरून निघतो.
अकरा फियाट, दोन ॲम्बॅसिडर
आणि होशंगची मॉरिस,
जी क्वचित येते, आणि आली तर
दोरी बांधून परत जाते.

खडकवासल्याच्या अलीकडे मिसळ.
कुणाचा कार्ब्युरेटर, कुणाचा गुडघा,
कुणाला जुन्या बाजारात सापडलेलं
दाराचं मूळ हॅन्डल.
ते टेबलावरून हातोहात फिरतं,
बारशातल्या बाळासारखं.

मी खजिनदार. माझ्याकडे निळी वही.
डाव्या पानावर मिसळ, उजव्या पानावर दान.
मोघे म्हणतात, समोरासमोर लिहू नका हो, लाज वाटते.
थत्तेबाई म्हणतात, म्हणूनच लिहा.

जानेवारीत प्रदर्शन. शाळेचं मैदान, तिकीट पन्नास.
यंदाची रक्कम अंध मुलींच्या वसतिगृहाला,
ब्रेल छापायच्या यंत्रासाठी.
प्रत्येक काचेवर माझ्याच अक्षरातली पाटी:
‘गाडीस हात लावू नये.
लावल्यास का लावला, ते मालकास पटवून द्यावे.’

दहा वाजता बस आली.
एकोणीस मुली उतरल्या, एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून,
आणि आम्ही सगळे
आपापल्या पाटीशेजारी उभे.

कुणी काही बोललं नाही.
थत्तेबाईंनी आपली पाटी काढली,
सीटखाली पालथी घातली.
मग मोघ्यांनी. मग होशंगने.
मी शेवटचा.
माझ्या गाडीला तासापूर्वीच पहिलं बक्षीस मिळालेलं:
सन चौऱ्याहत्तर, सर्वांग मूळ अवस्थेत.

पल्लवी घोडके, आठवी ब.
दिव्यापासून सुरुवात केली तिने,
मडगार्डवरून तळवा असा नेला
जसं कुणाच्या डोक्याला तेल लावावं.
डाव्या मागच्या दारापाशी थांबली.
बोटाच्या पेराने वाजवलं. पुन्हा वाजवलं.
“काका, इथे नुसता पत्रा नाहीये. लांबी भरलीये.
माझे पप्पा पिंपरीला डेन्टिंग करतात.”

परीक्षक शेजारीच होते, हातात चहा.

शहाऐंशी साल. सोसायटीच्या फाटकाचा खांब.
सुलभा शिकत होती.
मी दोन दिवस बोललो नाही.
तिसऱ्या दिवशी तिने किल्ली फ्रिजवर ठेवली
ती ठेवलीच.
यासीनच्या वडिलांनी लांबी इतकी सफाईने भरली
की पोचा मी विसरलो.
ती पुढची एकतीस वर्षं माझ्या डावीकडे बसली;
खांब आला की फक्त
पदर आत ओढून घ्यायची.

बक्षीस मी तिथेच परत केलं.
(समितीत पाऊण तास चर्चा:
कपावरचं नाव खोडायचा खर्च कुणाचा.)

मग मुलींना हॉर्न हवे होते.
चौदा हॉर्न, एकोणीस मुली,
शेजारच्या बंगल्यातून लेखी तक्रार.
मॉरिसचा हॉर्न सर्वांत आवडला,
कारण तो शिंकतो.

पल्लवीला मी स्टीअरिंगपाशी बसवलं,
गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू,
आणि वळसा घालून डावीकडे जाऊन बसलो.
या गाडीत पहिल्यांदाच.
तिथून आरशात काही दिसत नाही.
फाटक मात्र
फार जवळ आल्यासारखं दिसतं.

रात्री वही उघडली.
उजव्या पानावर: चाळीस हजार सहाशे, तिकिटांचे.
डाव्या पानावर: मिसळ, जादा पाव, होशंगची दोरी.

सोमवारी नाना पेठेत गेलो.
म्हटलं, यासीन, लांबी काढ. पोचा राहू दे,
गंजू नये इतकाच रंग मार.
तो दाराभोवती दोनदा फिरला.
म्हणाला, अब्बांचं काम आहे हे.
मग बराच वेळ पॉलिश पेपर शोधत राहिला
समोरच असलेला.

पैसे विचारले तर म्हणाला,
चांगलं काम बिघडवायचे
काय लावू साहेब, तुम्हीच सांगा.
वहीत ती जागा
अजून कोरी आहे.