गोल आणि फुली

नवतप्याचा तिसरा दिवस. बेसा रस्त्याच्याही पुढे
सातव्या मजल्याच्या उघड्या सळयांत उभी राहून
मी टॅबलेट सुरू केला,
तर त्यानं मलाच सांगितलं :
उपकरण तापले आहे. थंड होऊ द्या.

परसोडीच्या ऑफिसात, एसीच्या गारव्यात,
काचेच्या भिंतीवर आम्ही पुढचं वर्ष चिकटवलं होतं.
पिवळ्या चिठ्ठ्या, गुलाबी चिठ्ठ्या.
पहिल्या तिमाहीत नकाशांची तुलना, मग त्रिमिती,
मग भेग कुठे पडेल ते यंत्रच ओळखणार.
चिठ्ठ्यांचा गोंद मात्र आठवडाभरच टिकायचा.
सकाळी झाडताना सुलोचनाबाई विचारायच्या,
"हे खाली पडलेलं ठेवू का फेकू जी?"
इतका नेमका प्रश्न आमच्या बैठकीत
अजून कुणी विचारला नव्हता.

डोमाजी उईके, सळई बांधणाऱ्यांचे मुकादम.
त्यांनी टॅबलेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आजारी वासराच्या मालकिणीकडे पाहावं तसं.
"सावलीत ठेवा त्याले. पानी नका मारू फक्त."

खालच्या मजल्यावर उतरलो.
जिन्याजवळच्या कॉलमवर, विटेच्या तुकड्यानं, तांबड्या अक्षरांत :
सोळाच्या चार, बाराच्या दोन, आठची रिंग, सहा इंचावर.
खाली बाण. बाणाखाली गोल. गोलात फुली.

"हे काय?"
"जिना सरकला न जी. पन नकाशा जुनाच हाये.
गोल म्हंजे इंजिनिअरले सांगतलं.
फुली म्हंजे त्यानं आयकलं नाई."

आमच्या ॲपमध्ये 'पाहिले' आहे,
'मंजूर', 'प्रलंबित', 'फेरतपासणीसाठी परत' आहे,
अकरा रंग आहेत, प्रत्येक रंगावर एकेक बैठक झालेली.
सांगितलं होतं, ऐकलं नाही,
याला रंग नाही.

आणि का नाही, ते मला ठाऊक होतं.
परवाने विकत घेतात ते लांजेवार बिल्डर.
त्यांना अशी नोंद नको आहे.
पैसे देणारा एक, बोट लावणारा दुसरा,
आणि या जिन्यावरून रोज दूध घेऊन चढणारा तिसरा
अजून इथे राहायलाही आलेला नाही,
त्याची मुलाखत आम्ही कुठून घेणार?

मी वही काढली. शिकवलं होतं तसंच विचारलं :
तुम्हाला काय अडतं, दिवसातून किती वेळा, तेव्हा काय करता?
डोमाजींनी तारेचा पीळ आवळला, आकडा कमरेला खोचला.
"उद्या सकाळी सहाले काँक्रीटची गाडी येते.
ते ओतलं का मंग सम्दंच बरोबर असते.
त्याच्या आंधी पाच मिनिटं
कोनालेबी थांबवता आलं पायजे."
जरा थांबून, "मलेबी," म्हणाले.

सोमवारी भिंतीवरच्या सव्वीस चिठ्ठ्या मी काढल्या.
काही माझ्याच होत्या, त्या काढताना हात जड झाला,
त्रिमितीची तर मी दोनदा परत लावली.
निनावे सर खुर्ची फिरवत म्हणाले,
"काम पुढे न्यायला लोक पैसे देतात.
थांबवायला कोण देतं?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही.
मी म्हणाले, एका साइटवर, एक महिना, फुकट.
ते म्हणाले, बघू.
आमच्याकडे 'बघू' लाही रंग नाही.

बेशाचा तो स्लॅब पडला. ठरल्या वेळी, सहाला.
फुलीचं पुढे काय झालं, मी दोनदा फोन केला,
डोमाजी तोवर हिंगण्याच्या कामावर गेले होते.
कॉलमवर आता प्लास्टर असेल,
त्यावर पुट्टी, त्यावर कुणाच्या तरी आवडीचा रंग.

निघताना त्यांनी वीतभर बांधणीची तार दिली होती, सहज.
भिंतीवर उरलेली एकच चिठ्ठी,
गोल आणि आत फुली,
त्या तारेनं खिडकीच्या जाळीला पिळून टाकली आहे.
सुलोचनाबाई तिच्याखालून झाडतात,
विचारत नाहीत.