विसावी पातळी

फहाहील. शुक्रवार. बाहेर सत्तेचाळीस.
फ्रिजच्या खोक्यावर नकाशा, वीस बाजूंचा फासा.
धनेश्वर म्हणतो, मांत्रिकच भारी:
विसाव्या पातळीला तो डोंगर उचलतो,
तुझा योद्धा तेव्हा नुसता हमाल.

खरंय.
पण पहिल्या पातळीला त्याला मांजरही लोळवतं,
आणि आपण सातवीच्या पुढे कधी गेलोय?
कुणाचा अकामा संपतो, कुणाची साइट.
रोझलिन वैद्यीण व्हायची.
ऐन लढाईत सावंतवाडीला परतली, कायमची.
तिचं पात्र अजून गुहेच्या तोंडाशी उभं,
पिशवीत तीन औषधं, न वापरलेली.

धनेश्वर पुन्हा मांत्रिकच घेतो.
मी ढाल.
तोवर जगवायला हवं ना कुणीतरी त्याला.

फासा पलंगाखाली गेलाय,
काढ आधी.