बेचाळीस जाकिटं

एप्रिल संपता संपता शितोळेसाहेबांचा माणूस
टेम्पो घेऊन दौलतगंजात आला
आणि दुकानापुढे ढीग ओतून गेला.
नारिंगी, बेचाळीस, तिघऱ्याच्या नावांमधली.
"मास्तर, पंधरा मेच्या आत. मग गर्दी सुरू होते."

मी जन्मभर शेरवान्या शिवल्या,
लग्नाचे कोट, बँडवाल्यांचे डगले.
पाण्यात घालायचं कापड कधी हाती आलं नव्हतं.
मला पोहता येत नाही, हेही सांगून ठेवतो.

एकेक उलटं करून पाहिलं.
बगलेत घामाचं मीठ, पांढरं, नकाशासारखं.
म्हणजे कुणीतरी घातलं होतं.
पण निम्म्यांची बकलं कोरी, चकचकीत,
एकदाही न लागलेली,
उपरण्यासारखी नुसती खांद्यावर टाकलेली,
फोटोपुरती.
एकाच्या खिशात शेंगदाण्याची टरफलं.
एकाची शिटी गेलेली, दोरी तेवढी लोंबतेय.
एक पार चेपलेलं:
तापल्या फळीवर कुणीतरी बसायला घेतलं असणार.

सुती दोरा पाण्यात कुजतो.
नायलॉनचा आणला, जाड सुई आणली.
पट्टा शिवून झाला की खुंटीला अडकवायचा
आणि दोन्ही हातांनी ओढायचा.
कुमुद आतून म्हणाली, "अहो, कुणाशी भांडताय?"
"वजन बघतोय."
कुणाचं, ते मी सांगितलं नाही,
तिनं विचारलं नाही.

लहान मापाची सहाच होती.
मोठ्या जाकिटात लहान मूल ठेवलं तर
जाकीट तरंगतं,
मूल खालून निसटतं.
मग आणखी आठांना
मांड्यांमधून जाणारा एकेक पट्टा जोडला,
न विचारता.

पोहोचवायला मीच गेलो. शेचाळीस डिग्री.
धरण आटून खूप आत गेलेलं,
काठाची माती भाकरीसारखी तडकलेली.
हरगोविंद बाथम म्हणाला, "बैठो मास्टरजी, एक चक्कर."
आधी त्यानं स्वतः घातलं. टक्.
मग मी. माझंच शिवण माझ्या छातीवर,
बरगड्या मोजल्यासारखं.

नावेत जिवाजीगंजातलं एक कुटुंब होतं.
नवा जावई, जाकीट मांडीवर.
"फार उकडतं हो यात," मला म्हणाला.
खरंच उकडत होतं. खोटं कशाला बोलू,
मी भट्टीत बसलो होतो.
बाथमनं वल्हं गुडघ्यांवर आडवं ठेवलं
आणि बसून राहिला.
नाव काठालाच.
एक मिनिट झालं. दोन झाली.
शेवटी सासूबाई: "घाला आता, जावईबापू.
उभ्या उभ्या ऊन खातोय सगळे."
टक्.

पाण्याकडे बाथम फारसं बघत नाही.
बघतो पश्चिमेला, टेकडीच्या कडेवर.
चार वाजता तिथं एक तपकिरी रेघ दिसली,
कुणी बोटानं ओढल्यासारखी.
"आंधी," एवढंच म्हणाला आणि नाव वळवली.
जावई म्हणाला, पैसे पूर्ण घेतलेत, फेरा अर्धाच.
पोरं रुसली.
मला तर ती रेघच दिसत नव्हती नीट.

काठावर उतरलो, पत्र्याखाली गेलो,
आणि मग दिसायचं बंद झालं.
दातांत रेती. कुणाची तरी छत्री उडत गेली.
ज्या नावेतून उतरलो होतो ती,
साखळीला बांधलेली, रिकामी,
एकदा उभी राहिली
आणि पालथी पडली.

पत्र्याखाली कुणी काही बोललं नाही.
जाकिटं काढायचंही कुणाला सुचलं नाही.
जावई अंगठ्यानं शिवण चाचपत होता,
सारखा, त्याच एका जागी.

दुसऱ्या दिवशी पेपरात
खरबुजांचे भाव होते, कंपूतली वीज गेल्याचं होतं.
तिघऱ्याचं काही नव्हतं.
मी दोनदा वाचला.

बिल अजून पास झालेलं नाही.
शितोळेसाहेब विचारतात,
आठ जाकिटांना एक पट्टा जास्त आहे,
तो कुणाच्या सांगण्यावरून?