आडवा नमुना

अख्खं जालना सळई ओढतं.
आमच्या शेठजींनी प्लेटचा नाद धरला
आणि माझ्या वाट्याला आडव्याचं काम आलं.

सळईला आडवं कुणी विचारत नाही.
प्लेटला विचारावं लागतं.
लाटलं त्या दिशेनं एक तुकडा कापायचा,
काटकोनात दुसरा,
दहा बाय दहा बाय पंचावन्न, मधोमध दोन मिलिमीटरची खाच.
बाहेर एमआयडीसीत बेचाळीस अंश,
कुत्री टँकरखाली झोपलेली,
आणि मी स्पिरिटात कोरडा बर्फ टाकून
तुकडे उणे विसात बुडवते.
चिमट्यानं उचलायचा, ठेवायचा, मुसळ सोडायचं.
पाच सेकंदांत.
सहाव्याला तो जालन्याचा होतो.

उभा: चौऱ्याण्णव जूल.
आडवा: सव्वीस.
प्लेट तीच.

कारण भिंगाखाली दिसतं.
भंगारातून आलेलं गंधक
मँगनीजशी घरोबा करून बसलेलं, मऊ,
रोलखाली गेलं की लांबत जातं.
कुसळं.
गवतातून चालल्यावर सलवारीला चिकटतात तशी,
पण सगळी एकाच दिशेला तोंड करून.
दुसऱ्याच्या पोटातलं कुसळ बघायचा
मला महिन्याला चौदा हजार पगार आहे.
मुसळ तर शेजारीच टांगलेलं असतं.

मग ते डबे आले,
तेलात बुडवलेली करडी ढेकळं,
पावतीवर लिहिलेलं: दुर्मिळ मृदा.
भट्टीवरचे सांडूमामा गाडेकर हसले,
"मातीच टाकायची तं मह्या वावरातली काय वाईट होती?
फुकट देली असती."
तडवी मॅडम म्हणाल्या,
ही माती नाही, आणि दुर्मिळही नाही,
सिरियम जमिनीत तांब्याइतकं आहे,
फक्त विखुरलेलं.
आणि लॅन्थेनम, निओडिमियम वगैरे
एका घरातल्या जावा,
भांडतील, पण वेगळ्या निघायच्या नाहीत.
सांडूमामांनी ढेकळावर कानस ओढली.
ठिणग्या.
"आरं, हा तं लायटरमधला खडा!"
चाळीस वर्षं त्यांनी त्यावर बिडी पेटवलेली.

टनाला तीनशे ग्रॅम.
आधी ॲल्युमिनियमनं ऑक्सिजन मारून घेतला,
मग पत्र्यात गुंडाळून लॅडलच्या तळाशी दाबलं.
रात्री अकराला मी भिंगाला डोळा लावला
आणि कुसळं शोधत राहिले.
नव्हती.
खसखशीएवढे गोल ठिपके होते,
रोलखालून जाऊनही गोलच.
आडवा: एकसष्ट.
मी मशीन तपासलं. पुन्हा तोडला.
अठ्ठावन्न.
ताणून पाहिलं तर ताकद होती तेवढीच.
धक्का खायची रीत तेवढी बदललेली.

शेठजी म्हणाले, दुप्पट टाका.
दुप्पट टाकलं.
लॅडलचं तोंड बुजलं, धार करंगळीएवढी झाली,
सांडूमामा पहाटेपर्यंत ऑक्सिजनची नळी धरून
ते तोंड उघडत राहिले, एक भुवई गेली.
जी प्लेट निघाली तिच्यात ती खसखस
गठ्ठ्यागठ्ठ्यानं बसलेली, चिखलाच्या गोळ्यासारखी.
आडवा: एकोणीस.
शेठजी आठवडाभर लॅबकडे फिरकले नाहीत.

आता अडीचशेवर आलोय.
अहवालाच्या छापील कागदावर
आडव्याला रकानाच नाही,
मी पट्टीनं रेघ मारून करते.
काल सांडूमामा आले,
तुटलेल्या अर्ध्या तुकड्यावर अंगठा फिरवला.
पूर्वी फळीसारखे पापुद्रे सुटायचे,
आता राखाडी, पिंजल्यासारखं तोंड.
"लवकर तुटली नाही वाटतं," म्हणाले,
तुकडा खिशात टाकला,
दारात जाऊन लायटरचं चाक ओढलं.
दोनदा नुसतीच ठिणगी पडली.