येतो न म्हणता गेलेले

विश्वामित्रीचं पाणी आज साडेसहा फूट.
काल साडेसहा. परवाही.
डिसेंबरात नदीकडे कोण बघतं.
काळा घोडा पुलाखाली मगरी ऊन खात पडतात
आणि वरून स्कूटरी जातात, न थांबता.

पण आमच्या सर्व्हरवर
अकरा हजार तीनशे जण अजून काठावर उभे आहेत.

ऑगस्टात आले होते सगळे,
दर दहा सेकंदांनी आकडा बघायला:
सव्वीस. सव्वीस पॉइंट चार.
समा, फतेगंज, कारेलीबाग,
एका हातानं गव्हाचा डबा माळ्यावर चढवत,
दुसऱ्या हातात आमचं पान उघडं.
मग पाणी ओसरलं.
कुणी फोन खिशात टाकला, कुणाचं चार्जिंग संपलं,
कुणी लिफ्टमध्ये शिरलं.
येतो असं कुणीच म्हणालं नाही.

सॉकेटला सांगावं लागतं.
एकानं म्हणायचं, येतो. दुसऱ्यानं म्हणायचं, या.
मग दोघांनी आपापलं दार लावायचं.
न सांगता गेलात तर सर्व्हर
एकेकाचं ताट वाढून, झाकून बसून राहतो.
प्रत्येकामागे थोडीशी मेमरी.
थोडीशी म्हणता म्हणता बिल केतुलभाईंच्या टेबलावर.

"काढी नाख ने बधांने," ते म्हणाले.
मी लिहिलं:
दर पंचवीस सेकंदांनी विचार, आहेस का.
दोनदा उत्तर आलं नाही, तर तोड.

आई रोज रात्री नऊला दांडिया बाजारातून फोन करते.
जेवलीस?
जेवले.
त्या फोनात याहून जास्त काही नसतं.
एकदा मीटिंगमध्ये होते, दोनदा उचलला नाही,
तर तिनं कदमांच्या मुलाला स्कूटरवरून पाठवलं.
हे काम तिच्याकडे दिलं असतं
तर तिनं एकालाही तोडलं नसतं
आणि कंपनी बुडाली असती.

रात्री सव्वाएकला चालवलं.
अकरा हजार. आठ. दोन.
पूर इतक्या वेगानं उतरत नाही.
एकशे नव्वद, मग एकोणीस,
मग एक.

एक जण उत्तर देत होता.
आहेस का? आहे.
आहेस का? आहे.
निजामपुऱ्याकडचा कुठलासा जुना कॉम्प्युटर,
एकशे बारा दिवस, माउस न हलवता,
साडेसहा फुटांकडे बघत.

झोपला असेल. किंवा खोलीत कुणी नसेलच.
यंत्र मालकाच्या परस्पर हो म्हणतं,
मला माहीत आहे. मीच लिहिलंय ते.

हेतल लॅपटॉप मिटून निघाली.
आवजो, म्हणाली. आवजो, म्हटलं.
या गावात दोन्ही भाषा
जाणाऱ्याला ये म्हणतात.

केतुलभाईंचा दुसरा नियम बाकी होता:
अर्धा तास हालचाल नाही तर तोड,
उत्तर देत असला तरी.
तोडताना कारण पाठवता येतं,
जागा एकशे तेवीस बाइट,
म्हणजे देवनागरीत चाळीसेक अक्षरं.
दोनदा खोडलं. मग:
पाणी साडेसहा फूट. वाढलं तर कळवू. या.

तोडलं.

तीन सेकंदांत तोच परत,
नव्या नंबरानं,
आणि या वेळी आधी त्यानंच विचारलं,
किती?

साडेसहा, मी सांगितलं.