शोधसंख्या शून्य

खडेबाजारात, मुचंडीकरांच्या साडी दुकानावर,
लाकडी जिन्याच्या अकरा पायऱ्या चढून
माझं ऑफिस : एक टेबल, दोन खुर्च्या,
दुसरीत शिवलीला,
आणि भिंतीला टेकून गेल्या दिवाळीतले न खपलेले परकर.

लोक काय शोधतात ते सांगणारी
तीन साधनं घेतलीत चाचणीला.
सात दिवस फुकट. आज सातवा.

पहिल्यानं उघडल्या उघडल्या विचारलं, भाषा?
मराठी, म्हटलं.
मग विचारलं, राज्य?
कर्नाटक, म्हटलं.
तर गोल गोल फिरत राहिलं,
आणि म्हणालं, या जोडीसाठी पुरेशी माहिती नाही.
शिवलीला हसली.
मला हसू आलं नाही लगेच.
हे दोन प्रश्न मी शाळेच्या दाखल्यापासून ओळखते,
याच क्रमानं.

दुसरं देखणं. आलेख, हिरवे ठिपके,
शब्द किती अवघड त्याचे शंभरपैकी गुण.
महिन्याला नव्वद डॉलर.
अण्णांनी जिन्यातच तोंडी गुणाकार केला :
"एवढ्यात आमच्या विणकराचा महिना बसतोय की गं."
बसत नाही. तीन आठवडे बसतात.
मी दुरुस्त केलं नाही.

तिसऱ्यानं भाषा विचारली नाही,
राज्य विचारलं नाही,
फक्त कार्डाचा नंबर.
तेवढ्यानंच मन वळलं, खोटं कशाला बोलू.

तरी रीत म्हणून तिघांनाही एकच शब्द घातला. इरकल.
पहिलं म्हणालं, दहा ते शंभर.
(जेवायला किती पानं मांडू? तर दहा ते शंभर.)
दुसरं, आठशे ऐंशी.
तिसरं, पाच हजार चारशे,
आणि खाली बारीक अक्षरात :
तुम्हाला इलकल म्हणायचं आहे का?

आता याला कसं सांगू,
की जिथं विणतात तिथं ल,
आणि घटप्रभा ओलांडून इकडं येईस्तोवर
त्याचा र झालेला असतो,
काठ तोच, पदर तोच,
धुतल्यावर दोन्ही तेवढंच आटतं.

मग गावाचं नाव घालायची वेळ आली.
शिवलीलानं कळफलकावरून हात उचलले.
मीही उचलले.
खालच्या पाटीवर एक, कराच्या कागदावर दुसरं,
मुंबईच्या व्यापाऱ्याच्या पाकिटावर जुनं इंग्रजी तिसरं.
साधनानं तिन्ही ओळीत मांडली,
प्रत्येकासमोर आकडा,
जसं काही कुणी कधी यावरून
दुकानाची काच फोडलीच नाही.

सहा वाजता येळ्ळूरच्या सुगंधाक्का आल्या.
गल्ल्यापाशी उभ्या राहून नातवाचा फोन तोंडाशी धरला,
मी जिन्यात होते, ऐकलं :
"म्हातारीला शोभंल असलं लुगडं दाखव,
गोमी काठाचं, हिरवं, खरं लई हिरवं नको,
आणि धुतल्यावर रंग जाऊलालाय असलं नको बघ."
फोननं त्यांना दिल्लीची झाडांची नर्सरी दाखवली.

वर पळाले. जसंच्या तसं टाइप केलं, तिघांत.
शून्य. शून्य.
तिसऱ्यानं नुसती आडवी रेघ दिली,
शून्यही द्यायला लाजल्यासारखी.

शिवलीलानं ते कन्नडमध्ये करून बघितलं,
दोनदा थांबली, "लई हिरवं नको"ला तिला शब्द सुचेना,
मग तिच्या आईला फोन लावला.
तिथंही शून्य.

मी तिसऱ्याचे पैसे भरले.
पत्त्याच्या यादीत गावाचं जे नाव होतं ते निवडलं,
निवडायला दुसरं नव्हतंच.
आणि पहिलं पान लिहायला घेतलं,
मथळा : लुगडं, हिरवं, खरं लई हिरवं नको.
"हे कुणी शोधत नाही," शिवलीला म्हणाली.

खालून अण्णांचा आवाज, सुगंधाक्कांसाठी :
"तिसरा गठ्ठा काढ रे भरमा, तळातला."